शातो मार्गो : एका जुन्या द्राक्षमळ्याची उतरती कळा आणि पुनरुद्धार

चांगल्या मळ्याचें नांव होण्यास दोन-तीन पिढ्या खपाव्या लागतात, आणि तें जाण्यास दहा-पंधरा वर्षें पुरतात, हा अनुभव आमच्या शेतकरी वाचकांस नवा नाहीं. परंतु गेलेलें नांव परत मिळवितां येतें काय, आणि येत असल्यास कोणतें काम आधीं व कोणतें मागाहून करावें लागतें, ह्याचा नीट हिशेब मांडलेला क्वचितच आढळतो. बहुतेक ठिकाणीं मळा एकदां उतरणीस लागला म्हणजे त्याचे तुकडे पडतात, ते निरनिराळ्या हातीं जातात, आणि मागची हकीकत सांगण्यास कोणी उरत नाहीं. फ्रान्स देशांतील शातो मार्गो ह्या मळ्याची गोष्ट निराळी आहे. त्याची चारशें वर्षांची हकीकत सलग सांपडते. तो कसा चढला, कसा उतरला आणि पुन्हां कसा सावरला, हें सालवार सांगतां येतें. म्हणून ह्या मळ्याचा इतिहास आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या मळ्यांतील मुख्य माल म्हणजे द्राक्षाचें तांबडें मद्य. मद्यपान इष्ट कीं अनिष्ट ह्या वादांत शिरण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस पाहावयाची आहे ती जमीन, तिची मशागत आणि मालकाचा व्यवहार. जमीन, पाणी, मजूर, सावकार आणि बाजार ह्या पांच गोष्टी तेथेंही आपल्याकडच्यासारख्याच आहेत. तेव्हां तेथील अनुभव आपल्या उपयोगीं पडण्यास हरकत नाहीं.

जमीन व तिचा गुण

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत बोर्दो हें जुनें बंदर आहे. आपल्या बागाइतदारांच्या तोंडीं ‘बोर्डो’ म्हणून जें नांव रोज येतें तें हेंच. तेथून उत्तरेस सुमारें २५ किलोमीटरांवर, जिरोंद खाडीच्या डाव्या तीरास, मार्गो हें गांव आहे. ह्या सर्व पट्ट्यास मेदॉक म्हणतात. ‘शातो’ म्हणजे वाडा किंवा गढी. परंतु त्या प्रांतांत वाडा व त्याखालील मळा मिळून सगळ्या मिळकतीसच शातो म्हणण्याची चाल आहे. मार्गोची मिळकत सुमारें २६० हेक्टर, म्हणजे साडेसहाशें एकर आहे. पैकीं द्राक्षवेलींखालीं एकतृतीयांशाहून थोडेंसेंच अधिक क्षेत्र आहे. बाकी कुरण, झाडी आणि खोलगट जागा. सारी जमीन वेलींखालीं आणण्याचा मोह मालकांनीं आवरला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे; कारण वेलीस मानवेल तेवढ्याच जागीं वेल लावावी, हा तेथील पहिला नियम.

वेलीखालची जमीन पाहून आपल्याकडील काळ्या रानाचा धनी तोंड फिरवील. नदीनें प्राचीन काळीं वाहून आणलेली खडी, गोटे आणि वाळू ह्यांचे ते थर आहेत. अशा जमिनींत गहूं चांगला येणार नाहीं. परंतु द्राक्षवेलीस तीच मानवते. खडींत पाणी सांचून राहत नाहीं, म्हणून मुळें ओलाव्याच्या शोधार्थ खोल जातात. वेल माजत नाहीं. मणी लहान, सालीचा आणि दाट रसाचा होतो. आणि दिवसा तापलेले गोटे रात्रीं घडांस ऊब देतात. वेलीही दाट लावलेल्या असतात. हेक्टरीं १०,००० वेली, म्हणजे एकरीं चार हजार. आपल्याकडे नऊ फुटांवर ओळी व पांच फुटांवर झाड धरल्यास एकरीं हजारही भरत नाहींत. तेथें प्रत्येक वेलीवर घड मात्र मोजके ठेवितात.

असें असलें तरी ह्या जमिनीचें एक मर्म आहे. समुद्र जवळ असल्यामुळें पाऊस बारमाही पडतो. जमीन खाडीच्या पातळीहून फार उंच नाहीं. आणि खडीखालीं जागोजाग चिकण मातीचा थर आहे. मेदॉकचा पुष्कळसा भाग पूर्वीं दलदलीचा होता. सतराव्या शतकांत हॉलंड देशांतील कुशल लोकांनीं चर काढून पाण्यास वाट करून दिली, तेव्हां कोठें तो लागवडीस आला. सारांश, ह्या मळ्याचा सर्व गुण निचऱ्यावर उभा आहे. निचरा बिघडला कीं खडी असून नसल्यासारखीच.

नांव कसें झालें

इ. स. १५७२ ते १५८२ ह्या दहा वर्षांत पिएर द लेस्तोनाक ह्या गृहस्थानें मिळकतीची नवी मांडणी केली. मेदॉकमध्यें धान्य पिकविण्याचा जुना प्रघात सोडून वेलीकडे वळण्याची ही सुरुवात होती. लेस्तोनाकनें ती इतरांच्या आधीं ओळखली. अठराव्या शतकाच्या आरंभीं मिळकतीनें आजचा विस्तार गांठला होता, आणि तेव्हांही तिचा एकतृतीयांशच वेलींखालीं होता. म्हणजे तीनशें वर्षांत मळ्याचा आकार फारसा बदललेला नाहीं.

त्याच सुमारास बेर्लों नांवाचा एक कारभारी तेथें होता. त्या काळीं तांबडीं व पांढरीं द्राक्षें एकाच शेतांत मिसळून लावीत आणि मद्यही मिसळूनच करीत. बेर्लोंनें दोहोंचें काम वेगळें केलें. दुसरें, पहांटे दंव असतांना घड तोडण्यास त्यानें मनाई केली. कारण मण्यांवरचें पाणी रसांत उतरून रंग व चव फिकी पडते. दोन्ही सुधारणांस दिडकीचा खर्च नव्हता. लागली ती फक्त नजर. मळ्याचें नांव होण्यास आरंभ झाला तो अशा लहान लहान कामांनीं.

पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले टॉमस जेफर्सन हे १७८७ सालीं बोर्दोस आले, तेव्हां त्यांनीं पहिल्या प्रतीच्या चार मळ्यांत मार्गोची गणना केली. लवकरच फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. त्या धुमाळींत मळ्याचा धनी गिलोटिनखालीं गेला, मिळकत जप्त झाली आणि नव्या हातांत गेली. नव्या धन्यानें १८१० नंतरच्या वर्षांत बोर्दोचा वास्तुशिल्पी लुई कोंब ह्याजकडून आज दिसणारा खांबांचा भव्य वाडा बांधविला. मालक बदलले, परंतु मालाचा भाव टिकून राहिला.

मग १८५५ साल उजाडलें. पॅरिस येथें मोठें प्रदर्शन भरावयाचें होतें. तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून बोर्दोच्या दलालांनीं तेथील नामांकित मद्यांची पांच वर्गांत प्रतवारी लाविली. पहिल्या वर्गांत चारच नांवें आलीं : लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. हा ‘लातूर’ फ्रान्सचाच, आपला नव्हे. ही प्रतवारी कोणी माती तपासून किंवा एका हंगामाची चव घेऊन केलेली नव्हती. कोणाच्या मालास आजवर काय भाव येत गेला ह्यावरून ती ठरली. म्हणजे दलालांच्या वह्यांनीं दिलेली ती साक्ष होती.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ही प्रतवारी एकदां ठरली ती जवळजवळ कायमची. पहिल्या वर्गांत त्यानंतर बदल झाला तो एकच. १९७३ सालीं मूतों हा मळा दुसऱ्या वर्गांतून वर घेण्यांत आला. खालीं कोणासच उतरविलें नाहीं. ह्याचा अर्थ असा कीं, मळ्याची मशागत ढिली पडली, माल उतरला, तरी कागदावर प्रत पहिलीच राहते. असा मान हें मोठें भाग्य खरें. परंतु त्यांत एक धोकाही आहे. ज्याचें नांव आपोआप टिकतें त्याला आपली घसरण लवकर कळत नाहीं.

निसर्गाचे तीन घाले

मार्गोवर पहिलें संकट आलें तें रोगांचें, आणि तें एकट्या मार्गोवर नसून साऱ्या फ्रान्सवर आलें. १८५० नंतर प्रथम भुरी आली. गंधकाची भुकटी मारल्यानें ती आटोक्यांत येते असें अनुभवास आलें. तिच्या मागोमाग फायलॉक्सेरा नांवाचा मुळांतील रस शोषणारा अतिसूक्ष्म कीटक अमेरिकेंतून आलेल्या वेलींबरोबर आला. १८६८ सालीं मोंपेलिए येथील प्लांशों ह्या शास्त्रज्ञानें मेलेल्या वेलींचीं नव्हे, तर शेजारच्या जिवंत वेलींचीं मुळें उकरून पाहिलीं, तेव्हां तो सांपडला. वेल मेल्यावर कीटक तेथून निघून जातो, म्हणून तोंवर कोणास दिसला नव्हता. त्यानें थोड्याच वर्षांत फ्रान्सच्या लक्षावधि एकरांवरील वेली सुकविल्या.

ह्यावर उपाय निघाला तोही अमेरिकेंतूनच. तिकडील रानवेलींचीं मुळें ह्या कीटकास दाद देत नाहींत. सबब खुंट अमेरिकन आणि त्यावर कलम आपल्या जातीचें, अशी पद्धत पडली. बोर्दोचे मोठे मळेवाले हें करण्यास बराच काळ कचरले. परक्या खुंटामुळें आपल्या मालाची चव बिघडेल अशी त्यांस भीति वाटे, म्हणून ते जमिनींत कार्बन डायसल्फाइडसारखीं औषधें घालून जुन्या वेली जगवीत राहिले. शेवटीं कलमाशिवाय गत्यंतर नाहीं हें त्यांनींही मान्य केलें.

तिसरा रोग केवडा, ज्यास आपले बागाइतदार ‘डाउनी’ म्हणतात. तो १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्यें दिसूं लागला. त्याच्या औषधाचा शोध मार्गोच्या अगदीं शेजारींच लागला. मेदॉकमधील सँ-झुलियाँ गांवीं वाटसरूंनीं घड तोडूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडण्याची रीत होती. निळीं डागाळलेलीं पानें पाहून कोणी फळास हात लावीत नसे. १८८२ सालीं बोर्दोचे प्राध्यापक मियार्दे तिकडून जात असतां त्यांस दिसलें कीं, आंतल्या वेलींचीं पानें रोगानें गळलीं आहेत, आणि ह्या निळ्या वेली मात्र हिरव्यागार उभ्या आहेत. मग मार्गोनजीकच्या दोझाक मळ्यावर प्रयोग करून त्यांनीं १८८५ सालीं हें मिश्रण जाहीर केलें. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी असें जें आपण आज नाशिक-सांगलीकडे बागेवर मारतों, तें बोर्डो मिश्रण हेंच. तसेंच आपल्या बागांतून डॉगरिज खुंटावर जें कलम भरितात, तो खुंटही मूळचा अमेरिकनच. आपण तो खारें पाणी व अवर्षण सोसण्याकरितां घेतला, एवढाच फरक. अशा रीतीनें त्या दूरच्या मळ्यांनीं सोसलेल्या संकटाचें फळ आपण रोज खात आहों.

ह्या तिन्ही घाल्यांतून मार्गो वांचला. कारण शत्रु बाहेरचा होता, डोळ्यांस दिसत होता, आणि सर्वांवर एकदमच आला होता. अशा वेळीं माणूस जागा होतो, शास्त्राची मदत येते, शेजारी एकमेकांस विचारतात. पुढील घसरण आली ती मात्र आंतून, आणि गाजावाजा न करितां.

पैशाची ओढ

१८७९ सालीं मळा पिये-विल ह्या धनिक कुटुंबाकडे गेला. पहिल्या महायुद्धानंतर एका मंडळीनें तो भागीदारींत घेतला. ह्याच काळांत, १९२४ सालीं, मूतोंच्या मालकानें आपला सर्व माल मळ्यावरच बाटलींत भरण्याचें ठरविलें आणि मार्गोसह इतर पहिल्या प्रतीचे मळेही त्यांत सामील झाले. तोंवर माल पिपांतून व्यापाऱ्याकडे जाई, आणि पुढें त्यांत काय मिसळलें जाई ह्याची जबाबदारी कोणावरच नसे. आपल्या नांवाचा माल आपल्याच हातानें बंद करून द्यावा, हा धडा तेथून घेण्यासारखा आहे.

१९३० नंतरच्या जागतिक मंदींत बोर्दोचे भाव कोसळले. १९३४ पासून बोर्दोचे व्यापारी जिनेस्ते ह्यांनीं मार्गोचे भाग घेण्यास सुरुवात केली, आणि १९५० च्या सुमारास सगळी मिळकत त्यांच्या हातीं आली. त्यांस आपण दोष देतांना जपून दिला पाहिजे. इकडे तिकडे विखुरलेल्या तुकड्यांची अदलाबदल करून मळा पुन्हां एकत्र आणण्याचें मोठें काम त्यांनींच केलें. परंतु ते मळेवाले होते तसे व्यापारीही होते, आणि व्यापाराचें ओझें शेवटीं मळ्यावर येऊन पडलें.

तेथील व्यापाराची रीत अशी कीं, माल पिपांत असतांनाच व्यापारी तो खरेदी करितो आणि पुढें सावकाशीनें विकतो. मधल्या काळाचा पैसा कर्जाचा असतो. १९७० नंतर भाव भराभर चढूं लागले. सट्टा वाढला. १९७२ चा हंगाम हलका असूनही तो माल भारी भावानें घेतला गेला. १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचे भाव भडकले, जगभर व्यापार थंडावला आणि मद्याचे भाव एकदम खालीं आले. वर लागोपाठ हंगामही सामान्यच आले. कोठारांत महागांत घेतलेला माल, दारांत बँकेचें व्याज आणि गिऱ्हाईक कोणी नाहीं, अशी बोर्दोच्या अनेक पेढ्यांची स्थिति झाली. जिनेस्ते त्यांपैकींच एक. मळा पिकतच होता. बुडाली ती पेढी. परंतु दोहोंचा धनी एकच, म्हणून पेढीबरोबर मळाही विक्रीस निघाला.

ह्याच्या आधींच, १९६० नंतरच्या वर्षांत, मार्गोचा माल आपल्या नांवास शोभत नाहीं अशी कुजबुज जाणकारांत सुरू झाली होती. मळा उतरणीस कसा लागतो हें येथें जरा थांबून पाहिलें पाहिजे, कारण ती क्रिया सर्व देशांत सारखीच असते.

हात तंग झाला म्हणजे मालक प्रथम असें काम लांबणीवर टाकितो कीं, जें न केल्यानें चालू वर्षाच्या उत्पन्नांत फरक पडत नाहीं. मेलेल्या वेलींच्या जागीं नवी लावणी करावयाची ती पुढील वर्षावर जाते. शंभरांत दोन-तीन जागा रिकाम्या राहिल्या तर डोळ्यांत भरत नाहीं. परंतु दहा वर्षें असें चाललें कीं पाव मळा ओस पडतो. दुसरें, चर उपसण्याचें राहून जातें. पाणी एका पावसाळ्यांत मूळ कुजवीत नाहीं, पण वर्षानुवर्षें मुळें वर वर पसरूं लागतात आणि रस पातळ होत जातो. तिसरें, कोठारांतील पिपें जुनीं झालीं तरी ‘आणखी एक वर्ष’ वापरलीं जातात. आणि चौथी काटकसर सर्वांत घातक, ती निवडीची. एरव्हीं कोवळ्या वेलींचा किंवा खोलगट जागेचा हलका माल वेगळा काढून दुसऱ्या नांवानें कमी भावांत विकावयाचा असतो. मार्गोस असें दुसऱ्या प्रतीचें मद्य पूर्वीं होतें. १९०८ सालीं त्यास ‘पाव्हियों रूज’ असें नांव मिळालें होतें. १९३० नंतर तें बंद पडलें. दुसरें नांव नसलें म्हणजे हलका माल पहिल्या नांवाखालीं घालण्याचा मोह आवरणें फार कठीण जातें.

ह्या चारही गोष्टींनीं त्या त्या वर्षीं पैसा वांचतो, आणि ताळेबंदांत तो नफा म्हणून दिसतो. वस्तुतः तो नफा नव्हे. तें मुद्दलांतून काढून खाणें होय. फरक इतकाच कीं, हें मुद्दल कोणत्याही खातेवहींत लिहिलेलें नसतें. म्हणून तें संपेपर्यंत कोणास कळत नाहीं.

सावरणूक

मळा विक्रीस निघाला तेव्हां अमेरिकेंतील एका मोठ्या मद्य-कंपनीनें तो मागितला. परंतु फ्रान्सच्या सरकारनें ह्या व्यवहारास संमति दिली नाहीं. मार्गो ही देशाची ठेव आहे, ती परदेशीं जाऊं नये, असें त्यांचें म्हणणें पडलें. अखेर १९७७ सालीं आंद्रे मेंत्झेलोपुलोस ह्यांनीं तो ७ कोटि २० लक्ष फ्रँकांस घेतला. हे गृहस्थ जन्मानें ग्रीक, फ्रान्समध्यें स्थायिक झालेले, आणि फेलिक्स पोतें नांवाच्या किराणा दुकानांच्या मोठ्या मालिकेचे मालक. द्राक्षाची शेती त्यांनीं पूर्वीं केली नव्हती. बाजार मंद, वाडा मोडकळीस आलेला आणि मळा थकलेला. तेव्हां पुष्कळांस हा व्यवहार वेडेपणाचा वाटला.

त्यांनीं काय केलें तें क्रमानें पाहूं. पहिली गोष्ट, आपणांस जें कळत नाहीं त्यासाठीं त्यांनीं जाणता माणूस गांठला. बोर्दोच्या विद्यापीठांतील एमिल पेनो हे ह्या विषयांतील त्या काळचे अग्रगण्य तज्ज्ञ. त्यांचा सल्ला घेऊन काम सुरू झालें. दुसरी गोष्ट, पैसा प्रथम वाड्याच्या शोभेसाठीं न वापरतां मळ्याचा निचरा व लावणी ह्यांकडेही तितक्याच निकडीनें वळविला. चर पुन्हां मोकळे केले गेले, रिकाम्या जागा भरल्या गेल्या, निकामी झालेले तुकडे उपटून नव्यानें लाविले गेले. तिसरी गोष्ट, कोठारांत ओकच्या लांकडाचीं नवीं पिपें आलीं. चौथी, पाव्हियों रूज हें दुसरें नांव पुन्हां चालू केलें आणि पहिल्या नांवाखालीं फक्त निवडक माल जाऊं लागला. पुढें जमिनीखालीं प्रशस्त तळघर बांधलें गेलें, तसें मेदॉकमध्यें तोंवर नव्हतें.

आतां ह्यांतील मर्माची गोष्ट. नवीन मालकाच्या हातचा १९७८ चा हंगाम बाजारांत आला तेव्हां मार्गो परत आला असें सर्वत्र बोललें गेलें. म्हणजे अवघ्या दुसऱ्या हंगामांत! एवढ्यांत निचरा पुरा सुधारला असणें शक्य नाहीं. नवी वेल तिसऱ्या-चौथ्या वर्षीं फळ धरते, आणि पहिल्या नांवास साजेसा रस येण्यास तिला त्याहून कितीतरी अधिक वर्षें लागतात. मग गुण आला कोठून? हंगाम चांगला होता हें एक; परंतु मुख्य कारण असें कीं, जमीन बिघडलेलीच नव्हती. जुन्या वेलींचा उत्तम रस पूर्वींही येतच होता. तो हलक्या रसांत बुडून जात होता. निवड कडक झाली आणि मद्यगृहांतील काम स्वच्छ व वेळच्या वेळीं होऊं लागलें, तेव्हां तो वर आला. निवडीचा गुण एका वर्षांत दिसतो, पिपांचा दोन-तीन वर्षांत, निचऱ्याचा पांच-सात वर्षांत आणि लावणीचा पंधरा-वीस वर्षांत. म्हणून ज्याला मळा सावरावयाचा आहे त्यानें चारही कामें एकदम सुरू करावीं; पहिल्याच्या यशानें धीर येतो, आणि त्या धीरावर शेवटचें काम तडीस नेतां येतें.

मेंत्झेलोपुलोस ह्यांस तें फळ पाहण्याचें भाग्य लाभलें नाहीं. १९८० च्या डिसेंबरांत ते वारले. कारभार त्यांच्या कन्या कोरीन ह्यांजकडे आला. त्या वेळीं त्या तरुण होत्या व शेतीच्या कामांत नवीन होत्या. परंतु वडिलांनीं घालून दिलेला क्रम त्यांनीं मोडला नाहीं. १९८३ सालीं पोल पोंतालिए हे तरुण शेतकी-शास्त्रज्ञ मळ्यावर आले, पुढें मुख्य व्यवस्थापक झाले, आणि २०१६ सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिले. तेहतीस वर्षें एकाच माणसाची नजर एका मळ्यावर राहिली, हें भांडवलही लहान नव्हे. मध्यंतरीं इटलींतील आन्येली घराण्याकडे मळ्याचा मोठा हिस्सा गेला होता. २००३ सालीं कोरीन ह्यांनीं तो परत घेतला. २०१५ सालीं प्रसिद्ध वास्तुशिल्पी नॉर्मन फॉस्टर ह्यांच्या योजनेप्रमाणें नवें मद्यगृह उभें राहिलें. निवड तर इतकी कडक झाली कीं, अलीकडच्या हंगामांत निम्म्याहूनही कमी माल पहिल्या नांवाखालीं जातो. दुसऱ्या नांवाच्या खालीं तिसरें नांवही काढण्यांत आलें आहे.

न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, ह्या यशांत दैवाचा व पैशाचा वांटा आहे. दुकानांच्या उत्पन्नामुळें मालकास मळ्याकडून लगेच नफा मागण्याची गरज पडली नाहीं. सावकाराचा तगादा नव्हता. शिवाय १९८२ चा हंगाम उत्कृष्ट आला, अमेरिकेंतून गिऱ्हाईक वाढलें, आणि भाव चढले. असें भाग्य प्रत्येकास लाभेल असें नाहीं. परंतु तें आलें तेव्हां मळा तयार होता. ज्यांनीं मंदींत चर उपसले नव्हते त्यांस तेजी येऊनही तिचा पुरा लाभ झाला नसता.

आपणांस बोध

साडेसहाशें एकरांचा वाडा आणि कोट्यवधि फ्रँक हे आपल्या आवांक्याबाहेरचे आहेत. परंतु ज्या चार काटकसरींनीं तो मळा खालीं आला, त्या पांच एकरांच्या बागेंतही जशाच्या तशा चालतात. आमच्या पाहण्यांत अशा बागा आल्या आहेत कीं, ज्यांत दोन वर्षें भाव पडला म्हणून बांधाकडचा चर बुजूं दिला, वाळलेलीं झाडें तशींच ठेविलीं, आणि पेटीच्या तळाशीं हलके घड घालून वर चांगले मांडले. पहिल्या वर्षीं तें खपलें. तिसऱ्या वर्षीं व्यापाऱ्यानें पेटी उलटी करून पाहण्यास सुरुवात केली.

म्हणून आमची सूचना अशी. जमाखर्चाच्या वहींत उत्पन्न व खर्च ह्यांच्या शेजारीं आणखी एक रकाना पाडावा, आणि यंदा कोणतें काम करावयाचें राहिलें तें त्यांत लिहावें : किती झाडें मेलीं व किती भरलीं, कोणता चर उपसला नाहीं, हलका माल कोणत्या नांवाखालीं गेला. हें लिहिण्यास दमडी पडत नाहीं. शेत व व्यापार एकाच घरांत असतील तर दोहोंचीं खातीं वेगळीं ठेवावीं, म्हणजे एकाच्या कर्जांत दुसऱ्याचा बळी जाणार नाहीं. आणि हलका माल निघाला तर लाज वाटूं देऊं नये. त्यास त्याचें नांव व त्याचा भाव द्यावा. पहिलें नांव राखण्याचा ह्याहून स्वस्त उपाय नाहीं.

मार्गोची खडी लेस्तोनाकच्या काळीं होती तशीच आजही आहे. क्रांति आली, कीटक आला, मंदी आली. जमिनीनें आपला गुण सोडला नाहीं. सोडला असेल तर तो माणसांनीं, आणि परत आणला तोही माणसांनींच. आपली जमीनही आपली वाट पाहत असते. तिच्या कामांत यंदा काय राहिलें, तें तेवढें प्रत्येकानें आपल्या वहींत खरें लिहावें, म्हणजे ह्या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.